चिखलातली धाव आणि देहकष्टाचे पुण्य

पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडून काळ्या रानातून धावणे हा नांदेड-लातूर भागात मोजक्यांचा छंद आहे, पुष्कळांची गरज आहे आणि काहींची उपासना आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे गावाबाहेरच्या कच्च्या वाटेवर धावतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते आणि परीक्षा पाऊस बघून येत नाही. २०२४ साली भरतीची मैदानी चाचणी १९ जूनपासून, म्हणजे मृगातच सुरू झाली होती. याच दिवसांत या दोन्ही जिल्ह्यांतले वारकरी पंढरीच्या वाटेवर असतात. पुढे श्रावणात, राखी पौर्णिमेच्या सुमारास, माहूरगडाच्या परिक्रमेला भाविक डोंगर-जंगलातली निसरडी वाट तुडवतात. चिखल तोच आणि थकणारा देहही तसाच. मग या कष्टाला धर्माच्या दृष्टीने मोल आहे का, आणि असेल तर ते कशामुळे, हा प्रश्न उरतो.

आधी मातीचा स्वभाव पाहायला हवा. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार आणि त्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज मुबलक असते. पाणी मिळाले की त्याचे थर फुगतात, उन्हात ते आकसतात. त्यामुळे मे महिन्यात ज्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच रान जुलैत पाय धरून ठेवते. चार पावले टाकली की तळव्याखाली मातीचा थर बसतो, पुढच्या चार पावलांत त्यावर दुसरा, आणि थोड्याच अंतरात पाय उचलणे हेच मुख्य काम होऊन बसते. बालाघाटच्या मुरमाड माळावर आणि किनवट-माहूरच्या डोंगरात माती अशी चिकटत नाही. तिथे धोका वेगळा: पाण्याने सैल झालेला दगड पायाखालून निसटतो.

अशा जमिनीवर लांब ढांग टाकून चालत नाही. टाच पुढे टेकली की घसरलेच. पाऊल आखूड, ते शरीराच्या बरोबर खाली पडणारे, गुडघे किंचित वाकलेले, हात तोलासाठी अंगापासून थोडे दूर आणि नजर दोन-तीन पावले पुढे, असे धावावे लागते. अनवाणी माणूस बोटे मातीत रोवून उभा राहतो, ही त्याची जमेची बाजू. बाभळीचा काटा, फुटकी काच आणि बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या ही त्याची किंमत. वेगाचा हिशेब इथे सोडून द्यावा लागतो. पुढच्या पावलाखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करायला ही जमीन सवड देत नाही, आणि धर्मचिंतनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

भारतीय परंपरांनी या वाटेबद्दल दोन अगदी उलट निर्णय दिले आहेत. जैन मुनी पावसाळ्यात विहार थांबवतात आणि चार महिने एकाच ठिकाणी राहतात. ओल्या भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव आणि कोवळे अंकुर उगवलेले असतात, ते पायाखाली येऊ नयेत हे त्याचे कारण. बौद्ध संघातही वर्षावासाचा नियम याच विचारातून आला. भिक्षू पावसातही हिंडतात, हिरवे गवत आणि लहान जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केल्यावर बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याची आज्ञा दिली, असे विनयपिटक सांगते. लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातले कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र, म्हणजे ही शिकवण मराठवाड्याला परकी नाही. या दृष्टीने चिखलात न धावणे हाच धर्म आहे.

वारकऱ्यांचा निर्णय नेमका उलटा. ज्या आषाढी एकादशीला हिंदू पंचांगात चातुर्मास सुरू होतो, त्याच दिवशी लाखो माणसे पावसातून चालत पंढरपुरात पोचलेली असतात. ती नुसती चालत नाहीत. रिंगणात पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, वीणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतो. पावसाने मैदान भिजलेले असले तर ही सगळी धाव चिखलातच होते. अश्वाच्या टापेखालची माती कपाळी लावायला झुंबड उडते. वेळापूरजवळच्या टेकडीवरून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात वारकरी पंढरीच्या ओढीने पळत सुटतात, त्याला धावा म्हणतात. त्यात औसा, निलंगा, कंधार, मुखेडकडची साठीपुढची माणसेही असतात, आणि वेळ मोजणारे कुणी नसते.

दोन्ही परंपरांना शहाणे मानायचे असेल तर पुण्य चिखलात नाही, हे आधी कबूल करावे लागते. ते चिखलात असते तर मुनींनी त्याला वर्ज्य केले नसते. गीतेच्या सतराव्या अध्यायात या प्रश्नाचा स्पष्ट निकाल आहे. शरीराचे तप कोणते ते सांगताना तिथे पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा यांची नावे येतात. वेदना सोसण्याचे नाव त्यांत नाही. उलट दंभाने आणि अहंकाराने देहाला पिळणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे आणि हट्टाने स्वतःला छळून केलेले तप तामस ठरवले आहे. ज्ञानेश्वरांनी १२९०च्या सुमारास या अध्यायावर मराठीत विस्ताराने लिहिले. त्यांच्याच पालखीबरोबर चालणाऱ्याने पायाच्या फोडांचा अभिमान बाळगला तर तो ज्या ग्रंथापुढे माथा टेकतो त्याच्या विरोधात जातो.

मग वारकरी धावतो ते कशासाठी? भेटीसाठी. कष्ट हे त्या धावेचे साधन नाही की ध्येयही नाही. ते वाटेत आलेले आहेत आणि ओढ मोठी असल्याने सोसले जातात. गावाकडून निरोप आल्यावर आजारी आईकडे निघालेला मुलगा चिखल बघत नाही, तसेच हे. म्हणून वारीत थकलेल्याने गाडीत बसावे, चप्पल घालावी, पायाला तेल चोळून घ्यावे, यात कुणी कमीपणा मानत नाही. माहूरच्या परिक्रमेलाही हाच न्याय लावावा. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया आणि महानुभावांचे देवदेवेश्वर अशी स्थाने असलेल्या या डोंगराभोवती फिरताना अनवाणी पाय ही श्रद्धेची एक रीत आहे, श्रद्धेचे माप नव्हे. मधुमेह असलेल्या माणसाने त्या वाटेवर अनवाणी जाणे हे तर सरळ चुकीचे आहे. त्याच्या पायाला काटा लागल्याचे अनेकदा कळतसुद्धा नाही आणि जखम चिघळू शकते.

शेतकऱ्याकडेही या बाबतीत एक जुने शहाणपण आहे. पाऊस उघडला तरी वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती मशागतीजोगी सुकेपर्यंत, तो रानात औत घालत नाही. ओली काळी माती तुडवली की दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि वाळल्यावर ढेकळे होतात. धावणाऱ्याने हे ओळखावे. वाट सोडून पेरलेल्या शेतातून पळणे हे दुसऱ्याच्या कष्टावर पाय देणे आहे, मग ओठांवर नाव कुणाचेही असो. रिंगणासाठी मैदान ठरवून दिलेले असते, ते यामुळेही योग्य आहे.

चिखलाला शिव्या देणेही या भूमीला शोभत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या शहराने घोटभर पाण्यासाठी गाडीची वाट पाहिली, तिथे भिजलेली माती हा आनंदच आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत रात्रीतून पाणी शिरले, तेव्हा तोच चिखल तुडवत लोक जीव वाचवायला पळाले. त्या धावेत ओढ नव्हती, निवड नव्हती.

निवड हाच या सगळ्या प्रश्नाचा कणा आहे. भाविकाने आपण होऊन पत्करलेला चिखल आणि शेतावस्तीकडे जाणाऱ्या पांदणीची दुरुस्ती न झाल्यामुळे शाळकरी मुलीच्या वाट्याला आलेला चिखल यांत धर्माच्या दृष्टीने काहीही साम्य नाही. वस्तीवरून बाळंतिणीला बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणणाऱ्या माणसांना सोशिकतेची स्तुती नको असते, त्यांना रस्ता हवा असतो. सोसण्याला पवित्र म्हणायची सवय लागली की दुसऱ्याचे सोसणेही पवित्र वाटू लागते. भक्तीची ही सर्वांत वाईट विकृती आहे. महाराष्ट्राच्या संतपरंपरेने तिला कधी थारा दिलेला नाही. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला नेण्यासाठी आणलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा इथल्या प्रत्येक कीर्तनात ऐकायला मिळते. इतक्या पायपिटीचे पुण्य एका मुक्या जिवापुढे त्यांना मोठे वाटले नाही. गाडगेबाबांनी तर पंढरपुरात जाऊनही हातातला खराटा खाली ठेवला नाही.

शेत-पांदण रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. पण योजना कागदावरून बांधापर्यंत यायची तर गावाने मागे लागावे लागते, अतिक्रमणे सामोपचाराने काढावी लागतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून निघणाऱ्या दिंड्यांकडे माणसे आहेत, शिस्त आहे आणि गावात शब्दाला मान आहे. प्रत्येक दिंडीने प्रस्थानाआधी, मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी, आपल्या गावच्या सर्वांत वाईट पांदणीवर एक दिवस मुरूम टाकावा आणि मग पंढरीची वाट धरावी.