लेकरू मायेच्या हवाली

सज्जनहो, जुन्नर तालुक्यात आळे गावी रेड्याची समाधी आहे. पैठणास ज्याच्या मुखी वेद वदविले, त्या रेड्यास माउलींनी तेथे समाधी दिली, अशी आपली श्रद्धा. त्याच तालुक्यात माणिकडोहास बिबट निवारा केंद्र आहे. वनखाते व वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तेथे विहिरीत पडलेल्या, जखमी बिबट्यांचे औषधपाणी करतात.

तिकडे कीर्तनानंतर एक शेतकरी म्हणाला, “महाराज, बिबट्याने माझी कालवड नेली. त्याच्यावर दया करायची, मग माझ्यावर कोणी करायची?” आम्हास उत्तर सुचेना. वचने पुष्कळ पाठ. पण रित्या दावणीपुढे ती काय कामाची?

उत्तर त्या केंद्राच्याच कामात सापडले. ऊसतोडीत फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. ही मंडळी त्यांना तपासून, अंधार पडताच त्याच जागी पेटीत ठेवतात. मादी येते, मानगुटीस धरून लेकरू नेते. पिल्लू हरवलेली मादी चवताळून शिवारात हिंडते. ते मिळाले की तिचा जीव निवतो आणि माणसावरचा धोकाही टळतो. म्हणजे दया ही एकाची काढून दुसऱ्यास द्यायची वस्तू नव्हे.

तेव्हा बाबांनो, पिल्लू दिसले तर हात लावू नका, वनखात्यास कळवा. उघड्या विहिरीस कठडा बांधा. आणि ज्याची कालवड गेली, त्याच्या सरकारी भरपाईच्या अर्जासाठी चार पावले चाला. तीही भूतदयाच. एवढे केले तर पसायदान म्हणताना जीभ अडखळणार नाही.

रामकृष्णहरि!