जकातीपलीकडचा करार

डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन यांचा दाखला देऊन सांगितले, की ज्या देशाला जे तुलनेने स्वस्तात जमते ते त्याने करावे, बाकीचे विकत घ्यावे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात या सिद्धांताची मर्यादा दाखवली. देशांची परिस्थिती सारखी नसेल, तर एकच अर्थनियम सर्वांना लावता येत नाही. मुक्त व्यापाराच्या चर्चेत हा आक्षेप आजही जिवंत आहे.

पुढे 1947 च्या गॅट कराराने ठरवले, की एका देशाला दिलेली जकात-सवलत सर्व सदस्यांना द्यावी. कलम 24 ने त्यातून एक वाट ठेवली: काही देशांनी आपसातल्या जवळजवळ सगळ्या व्यापारावरची जकात काढली, तर ती सवलत त्यांच्यापुरती राहू शकते. म्हणूनच अशा प्रत्येक मुक्त व्यापार करारात कोणत्या मालावर किती वर्षांत किती जकात उतरेल याचे वेळापत्रक असते. तिसऱ्या देशाचा माल मधल्या मार्गाने घुसू नये, म्हणून ‘मूळ देशाचे नियम’ही असतात.

जकाती कमी होत गेल्या, तसे करार देशांच्या अंतर्गत कायद्यांपर्यंत पोहोचले. याचा अर्थ चंदीगडला लागून असलेल्या मोहालीच्या सेक्टर 67 मध्ये नीट कळतो. तिथे ‘नायपर’ ही औषधनिर्माणशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे शिकणाऱ्यांच्या क्षेत्राला भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्याने घडवले. त्या कायद्याने औषधाला पेटंट नाकारले, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेला दिले. म्हणून मुंबईची सिप्ला ही औषध कंपनी 2001 मध्ये एड्सवरची तिहेरी उपचारपद्धती वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ करू शकली. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता.

जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांमुळे 2005 पासून औषधालाही पेटंट मिळू लागले. मात्र पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) मुळे जुन्याच औषधाच्या नव्या रूपाला, परिणामकारकता वाढल्याशिवाय, पेटंट मिळत नाही. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या औषधाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी याच आधारावर फेटाळला.

व्यापार-वाटाघाटींत मात्र आणखी एक मागणी पुढे येत राहिली: ‘डेटा एक्सक्लुझिव्हिटी’. ती मान्य झाली, तर मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या आधारे जेनेरिक औषधाला काही वर्षे परवानगी देता येणार नाही. पेटंट नसतानाही स्पर्धक बाहेर राहील. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन यांच्याशी 10 मार्च 2024 रोजी झालेल्या कराराच्या वाटाघाटींतही हा विषय होता. भारताने ही मागणी नाकारली, आणि ते योग्यच झाले.

पण एवढ्यावर थांबता येत नाही. आपल्याकडे करार मंजूर करायला संसदेची संमती लागत नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो. जकात उद्या पुन्हा बदलता येते, करारात गुंतलेला कायदा सहजी मागे घेता येत नाही. म्हणून पेटंट, आरोग्य आणि शेतीला हात घालणारी प्रकरणे सही होण्याआधी संसदेच्या समितीसमोर यायला हवीत. रानडे यांचा आक्षेप आज असा मांडावा लागेल: सवलत कोणाला मिळते एवढेच पाहू नका, कायदा करण्याचा अधिकार कोणाकडे उरतो तेही पाहा.