उपवासाचा वडा

आषाढी एकादशीला मधुमेही आजोबांनी साबुदाणा वडा नाकारला, तर व्रत मोडतं का?

साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगिजांबरोबर भारतात आलेला. एकादशीचं व्रत त्याहून कितीतरी जुनं. शिवाय साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. सोबत बटाटा आला की रक्तातली साखर आणखी चढते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असं सांगून लगेच युक्त आहाराची गोष्ट येते. तब्येत सांभाळून खाणं हाही व्रताचाच भाग ठरतो, तो इथेच.

मग वडा बदलावा. लाल भोपळा किसून पिळावा. त्यात भरपूर दाण्याचं कूट, मिरची, जिरं आणि वडा वळण्यापुरतंच राजगिऱ्याचं पीठ. आप्पेपात्रात थोड्या तुपावर भाजावा. कुटातली प्रथिनं आणि स्निग्धांश पचन संथ ठेवतात. नातवंडांनाही दह्यासोबत हेच वडे द्यावेत, म्हणजे आजोबांचं ताट वेगळं पडत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच उपवास धरावा. जेवण टळलं तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.