घरोट आणि वेदी

रविवारची मिस्सा आटोपते, वेदीवरील मेणबत्त्या विझतात, भाविक आवारात दोन शब्द बोलून पांगतात आणि पाहता पाहता सोमवार उजाडतो. भुसावळच्या रेल्वे यार्डात रात्रपाळी करणारा, जळगावच्या शाळेत पाचवीच्या वह्या तपासणारी, धुळ्याच्या रुग्णालयात शुश्रूषा करणारी आणि ह्या साऱ्यांना वेळेवर डबा मिळावा म्हणून पहाटे पाचला गॅस पेटविणारी, ह्या सर्वांचा देवाशी संबंध आठवड्यातील एका तासापुरता आणि उरलेले एकशे सदुसष्ट तास केवळ पोटासाठी, असे मानायचे काय?

ह्या प्रश्नाला धर्मोपदेशात एक ठरलेले उत्तर मिळते. आपले काम देवाला अर्पण करा, म्हणजे तीच प्रार्थना होईल. उत्तर खोटे नाही. मिस्साबलिदानातच त्याला आधार आहे. अर्पणविधीत आपण वेदीवर गहू आणि द्राक्षे ठेवीत नाही, भाकर आणि द्राक्षरस ठेवतो. पेरणाऱ्याचे, दळणाऱ्याचे, भाजणाऱ्याचे श्रम त्यात आधीच मिसळलेले असतात. परंतु एखादे उत्तर फार वेळा दिले गेले की पायरीच्या दगडासारखे गुळगुळीत होते आणि त्यावरून पाय घसरू लागतो. हे उत्तर कोणी कोणाला द्यावे, हा विचार तर बहुधा कोणी करीतच नाही. तो येथे करावा असे आम्हांस वाटते, आणि त्यासाठी खानदेशाबाहेर फारसे जावे लागेल असेही नाही.

जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात सून म्हणून आल्या. तिशीच्या सुमारास वैधव्य आले. अक्षरओळख नव्हती. शेत, गोठा, चूल आणि घरोट (खानदेशात जात्याला घरोट म्हणतात) ह्यांच्या फेऱ्यात दिवस सरे आणि त्याच फेऱ्यात गाणी सुचत. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव व घरातील आप्त ती उतरवून ठेवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला ह्या निरक्षर बाईंचे नाव देण्यात आले, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच.

ही गाणी आपण इतकी ऐकली आहेत की त्यांतील एक गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. बहिणाबाई ‘श्रम हीच पूजा’ असा उपदेश करीत बसत नाहीत. त्या पाहतात. सुगरणीने विणलेला खोपा पाहतात, मातीतून वर येणारा कोंब पाहतात, तापलेला तवा आणि त्यावर पडणारी भाकरी पाहतात. स्वतःच्या मनालाही त्या पिकात शिरणाऱ्या गुराकडे पाहावे तसे जरा अंतरावरून पाहतात. हात पाहून भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाला त्यांनी दारातूनच माघारी धाडल्याचे एक गाणे आहे. नशिबाचा अर्थ त्याच्याकडून विकत घेण्याची त्यांना गरज वाटली नाही, कारण समोरच्या वस्तूंचा अर्थ लावण्यात त्या गुंतलेल्या होत्या. दैनंदिन जीवनातील अध्यात्माचा आरंभ आम्हांस येथे दिसतो. अर्पण ही नंतरची पायरी होय. जे आपण नीट पाहिलेच नाही ते अर्पण तरी कसे करणार? वीस वर्षे एकाच वाटेने कामावर जाणाऱ्याला त्या वाटेवर झाडे किती हे सांगता येत नाही, आणि तोच मनुष्य जीवनात अर्थ उरला नाही अशी तक्रार करतो. आपण सारेच कमीअधिक प्रमाणात ती करतो.

बहिणाबाई घरोट ओढीत होत्या त्याच काळात, त्याच तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात, अंमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे होते. श्रीमंत प्रतापशेठ ह्यांनी १९१६ साली ते स्थापिले. देशातील नामवंत विद्वान तेथे वेदान्ताच्या अभ्यासासाठी येत. एकीकडे ब्रह्म आणि माया ह्यांची चर्चा, दुसरीकडे जोंधळ्याचे पीठ. विद्वानांना हसण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. हे सर्व चालले आहे ते कशासाठी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. त्या संस्थेत काही काळ राहून पुढे अंमळनेरच्याच शाळेत शिक्षक झालेल्या साने गुरुजींच्या कानी ह्या प्रश्नाचे एक उत्तर पडले ते मात्र धुळ्याच्या तुरुंगात.

ते वर्ष १९३२. सत्याग्रहींनी धुळ्याचा तुरुंग भरला होता. २१ फेब्रुवारी ते १९ जून ह्या काळात दर रविवारी विनोबांनी तेथे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. आज घरोघरी असलेली ‘गीता प्रवचने’ ती हीच. त्यांतील कर्म आणि विकर्म ह्यांविषयीचे विवेचन ख्रिस्ती वाचकानेही अवश्य वाचावे असे आहे. बाहेरून दिसणारी कृती ते कर्म. त्या कृतीला आतून मिळालेली मनाची साथ ते विकर्म. दोन्ही एकत्र आली की कर्माचे ओझे वाटेनासे होते. करूनही न केल्यासारखी ती अवस्था म्हणजे अकर्म. आपल्या धर्मशिक्षणात हेतूविषयी जे सांगतात त्याच्या हे फार जवळचे आहे. पाण्याचा पेला तोच असतो, तो आदळून ठेवला तर पाणी आणि प्रेमाने पुढे केला तर सेवा, हे कोणत्याही सासुरवाशिणीला प्रवचनावाचून कळते.

असेच उत्तर सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेल मठातील स्वयंपाक्याने दिले होते. निकोला एर्मां हे त्याचे मूळचे नाव. तरुणपणी तो सैनिक होता, मठात ब्रदर लॉरेन्स झाला. भांड्यांच्या खणखणाटात आणि चार जण चार गोष्टी मागत असतानाही आपण देवाच्या तितकेच समीप असतो, जितके वेदीपुढे गुडघे टेकल्यावर, असा त्याचा अनुभव होता. त्याची ही कथा सांगताना एक तपशील बहुधा गाळला जातो. स्वयंपाकघराच्या कामाचा त्याला स्वभावतःच तिटकारा होता. म्हणजे त्याला ते काम गोड लागले म्हणून देव भेटला असे घडले नाही. न आवडणाऱ्या कामात वर्षानुवर्षे उभे राहून त्याने ही समीपता कमाविली.

आणि आपल्या प्रभूची तीस वर्षे? त्यांतील बहुतेकांविषयी शुभवर्तमाने मौन पाळतात. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन लिहितो की येशू नांगर आणि जू बनवीत असे. खानदेशातील शेतकऱ्याला ह्या एका वाक्याचे मोल सांगावे लागणार नाही. जू नीट तासलेले नसले की बैलाचा खांदा सुजतो आणि बैल मुका असल्यामुळे तक्रार करीत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदेमळण करतात ती काय उगाच? नाझरेथच्या सुताराने केलेले जू धार्मिक ठरत असेल तर ते त्यावर काही पवित्र वचन कोरल्यामुळे नव्हे. ते बैलाला बोचत नव्हते म्हणून. काम करताना देवाचे नाव घेणे चांगलेच, परंतु ज्याच्यासाठी ते काम आहे त्याला ते बोचता कामा नये. नामस्मरण करीत शिवलेला तोकडा सदरा तोकडाच राहतो.

येथवर सारे सुबोध आहे. अडचण ह्यापुढे सुरू होते.

बहिणाबाईंना घरोटावर गाणी सुचली, म्हणून घरोट चांगले होते काय? पहाटे तीनला उठून दोन-तीन पायल्या दळणाऱ्या किती बायांना गाणे सुचले आणि कितींची नुसती छाती भरून आली? पुणे परिसरात गी पोत्वँ आणि हेमा राईरकर ह्यांनी १९८०च्या दशकापासून बायकांच्या जात्यावरील ओव्या जमविल्या; त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यांत देवाची भक्ती आहे, भावाची माया आहे, आणि सासरचा जाच व देहाचा शीणही आहे. विजेची चक्की गावात आली तेव्हा गाणी सरली म्हणून हळहळणारे आपण बहुधा दळण न केलेले लोक होतो. जिचे खांदे मोकळे झाले तिने चक्कीच्या रांगेत डबा ठेवून निश्वास सोडला असेल, तर तो निश्वास देवाला ओवीइतकाच प्रिय असणार, ह्याविषयी आम्हांस शंका नाही.

म्हणून ‘काम देवाला अर्पण करा’ ह्या वाक्याचा कर्ता कोण, हे पाहणे अगत्याचे आहे. ब्रदर लॉरेन्स बोलला तो स्वतःच्या चुलीविषयी. विनोबा बोलले ते स्वतः कैदी असताना. बाळ येशूच्या संत तेरेजाने धुणीघरात शेजारच्या भगिनीकडून तोंडावर उडणारे मळके पाणी निमूट सोसले आणि तो आपल्या लहानशा मार्गातील एक धडा मानला. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून गौरविले. परंतु तेरेजा स्वतःच्या चेहऱ्यावरील पाण्याविषयी सांगत होती. पाणी उडविणाऱ्या भगिनीने तिला ‘हे अर्पण कर’ म्हटले असते तर? वाक्य तेच, पण अर्थ किती पालटला असता!

आणि तो असाच पालटलेला आम्ही पुष्कळदा ऐकतो. रणरणत्या उन्हात मजूर बाया कापूस वेचतात, वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना ओरखडतात. त्यांच्या कष्टात ख्रिस्ताचे दर्शन घडते असे बांधावर उभे राहून म्हणणे सोपे असते, विशेषतः आठवड्याची मजुरी चुकती करायची बाकी असताना. संत याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांविषयी जे आले आहे ते ह्या संदर्भात मुद्दाम काढून वाचावे. तेथे अडकवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते आणि तो आक्रोश देवाच्या कानी जातो. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ ह्या विश्वपत्रात श्रमाचा महिमा गाइला, पण त्याची मुळे कामाच्या प्रकारात शोधली नाहीत. काम करणारा मनुष्य आहे, म्हणून त्याच्या कामाला मोल आहे. मनुष्य कामासाठी नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कोणाचे कष्ट पवित्र आहेत असे ज्याला मनापासून वाटते त्याने ते हलके करण्याची खटपट आधी करावी, हे ह्यातून ओघानेच येते. दुसऱ्याचे ओझे परस्पर देवाला वाहून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

ह्यावर कोणी विचारील की हलके करताच येत नाही त्या ओझ्याचे काय? अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे सारे काही दहा-दहा वर्षे करणारी सून आपल्या धर्मग्रामांत आहे. जन्मतः अपंग असलेल्या लेकराची आई आहे. तिला आम्ही सांगावे तरी काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला झटकन उत्तर देणाऱ्याचा आम्हांस संशयच येतो. जात्याविषयीची एक साधी गोष्ट मात्र येथे आठवते. दळण मोठे असले की एका जात्यावर दोघी समोरासमोर बसत आणि एकच खुंटा दोघींच्या हाती असे. प्रभूनेही जात्यावरच्या दोघींचाच उल्लेख केला आहे. समोर बसून थोडा वेळ खुंटा ओढणाऱ्याला काही सांगावे लागत नाही. दुपारचे दोन तास त्या घरी जाऊन बसणारी शेजारीण, महिन्यातून एक रात्र जागणारा दीर, हे प्रवचन देत नाहीत. मग एखाद्या दिवशी ती सूनच आपल्या कष्टांत तिला काय गवसले ते सांगू लागते, किंवा काहीच गवसले नाही असे सांगते. दोन्ही ऐकून घेण्याची तयारी हवी. दुसरे ऐकणे अधिक अवघड, आणि आमच्या मते त्यालाही प्रार्थनेत स्थान आहे. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग तक्रारींनीच भरलेला आहे.

बेथानीच्या घराकडे ह्या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात मार्था कामाने मेटाकुटीस येऊन तक्रार करते, तेव्हा प्रभू तिला ‘तुझा स्वयंपाक हीच प्रार्थना आहे’ असे म्हणून पुन्हा चुलीकडे पाठवीत नाही. तो तिला दोनदा नावाने हाक मारतो, तिची तगमग त्याला दिसली आहे हे तिला कळू देतो आणि मरियेने निवडलेली जागा तिच्याकडून काढून घेण्यास नकार देतो. ती जागा मार्थेलाही मोकळी होती. पुढे भावाच्या मृत्यूनंतर गावाबाहेर प्रभूला सामोरी जाऊन तो ख्रिस्त असल्याची कबुली देते ती हीच मार्था. फार काळ तिला केवळ भांड्याकुंड्यांची संत म्हणून बाजूला ठेवले गेले. रोमन उपासनापंचांगात २९ जुलै हा तिच्या एकटीचा दिवस होता. पोप फ्रान्सिस ह्यांच्या कारकिर्दीत, २०२१ साली, तो मार्था, मरिया आणि लाजरस ह्या तिघा भावंडांचा करण्यात आला.

वल्हांडणाच्या सहा दिवस आधी त्याच गावी पुन्हा पंगत बसली. मरियेने सुगंधी तेल ओतले आणि घर दरवळून गेले. ह्या खेपेस तक्रार केली ती यूदाने. मार्था वाढीत होती, आणि तिच्या तोंडी तक्रारीचा शब्द नाही. लाजरस पंगतीला बसलेला होता. तो वाढायला उठला की नाही हे संत योहानाने लिहिलेले नाही.