बाकावर बसलेला माणूस



पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांतील संगणक-कंपन्यांत नोकरी करणाऱ्या तरुणांच्या तोंडून आपण 'बेंच' हा शब्द ऐकला असेल. हातातला प्रकल्प संपला आणि दुसरा मिळाला नाही, की तो कर्मचारी 'बेंचवर' आला असे म्हणतात. पगार चालू असतो, पण काम नसते. आणि ही स्थिती लांबली तर नोकरीची धास्ती वाटू लागते. कोणाला काय येते, कोण केव्हा मोकळा होणार आणि कोणत्या प्रकल्पाला काय हवे, याची सांगड घालण्यासाठी मोठ्या कंपन्यांत स्वतंत्र विभाग असतो. त्या विभागाच्या भाषेत माणसाला 'रिसोर्स', म्हणजे साधनसामग्री, म्हणतात. माणसाची अशी मोजदाद करणे योग्य आहे काय?

प्रथम या व्यवस्थेची बाजू पाहू. सांगड घालणे हे मुळात वाईट नव्हे. एकाच्या पाठीवर दोघांचे ओझे आणि दुसरा रिकामा, ही गोष्ट जशी गैरसोयीची तशीच अन्यायाचीही आहे. हजारोंच्या संस्थेत केवळ ओळखीवर कामे वाटली, तर साहेबाच्या मर्जीतल्यांचेच भले होईल. त्यापेक्षा तक्ता बरा. तो निदान तोंड पाहून वाटप करीत नाही. १९५५ साली हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने माणसे आणि कामे यांची सर्वांत लाभदायक जुळणी काढण्याची रीत प्रसिद्ध केली. हंगेरीतील दोन गणितज्ञांच्या आधीच्या कार्यावर ती उभी असल्यामुळे तिला 'हंगेरियन पद्धत' म्हणतात.

पण ही रीत शोधते काय? ती बेरीज शोधते. समजा, एका बाईला जुन्या प्रणालीच्या कामात ९ गुण आहेत व नव्या कामात ८. तिच्या सहकाऱ्याला जुन्यात २ व नव्यात ६. बाईला जुने व सहकाऱ्याला नवे काम दिले तर बेरीज १५ होते. उलट केले तर १०. म्हणजे दोन्ही कामांत जी सरस, तिलाच वर्षानुवर्षे जुने काम मिळणार, आणि उद्या ती प्रणाली बंद पडली की तीच बेंचवर येणार. गणित चुकलेले नाही. मात्र बेरजेचा लाभ संस्थेला झाला आणि त्याची किंमत एकटीने मोजली, हे तक्त्यात कोठेही दिसत नाही.

'उपलब्धता' या शब्दाचेही तसेच. रकाना रिकामा आहे म्हणून आयुष्य रिकामे नसते. घरी आजारी वडील असतात, शाळेतून येणारे मूल असते, रविवारची उपासना असते. आणि माणसे एकमेकांच्या जागी विटांसारखी बसतही नाहीत. आयबीएममधील मोठ्या प्रकल्पाचे प्रमुख राहिलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात अनुभवाने सांगितले, की रखडलेल्या प्रकल्पावर आणखी माणसे घातली तर तो अधिकच रखडतो. कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो.

आपण म्हणाल, कंपनी म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. रिकाम्या माणसाचा पगार ती किती दिवस देणार? आक्षेप रास्त आहे. तथापि बेंच कोणासाठी असतो? नवे काम येताच माणसे तयार मिळावीत, म्हणून तो कंपनीच्याही सोयीचा असतो. ज्या तयारीचा लाभ धन्याला, तिची जोखीम केवळ चाकराच्या माथी का? मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळता मावळता बाजारात उभे असलेले मजूर धन्याला एवढेच सांगतात, की आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. तो दाखला देवाच्या राज्याविषयी आहे, नोकरीच्या नियमांविषयी नव्हे. तरी एवढे ध्यानात घ्यावे, की धन्याने त्यांना आळशी ठरवले नाही. आणि तो स्वतः पाच वेळा बाहेर गेला.

मग करावे काय? प्रेषितांच्या कृत्यांतील ६ व्या अध्यायात अन्नवाटपात ग्रीकभाषी विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार आली, तेव्हा माणसे निवडण्याचे काम मंडळीवरच सोपवण्यात आले; आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्यांना आधी विचारले गेले. तक्ता भरणाऱ्यांनी एवढे तरी करावे: माणसाला विचारावे, नकार दिल्यास कारण सांगावे, आणि कंटाळवाणे काम एकाच्याच गळ्यात कायमचे बांधू नये. तक्त्यात ज्यांचे नाव आहे त्यांचेही कर्तव्य आहे: जे येत नाही ते येते असे लिहू नये, कारण त्या खोट्याचा भार शेजारी बसणाऱ्यावर पडतो.

वाचकहो, दूरच्या कंपन्यांना बोल लावण्यापूर्वी आपल्या मंडळीतही डोकावू या. पेटी वाजवणारा तोच, हिशेब लिहिणारी तीच, सतरंज्या उचलणाराही तोच. आणि मागच्या बाकावर वर्षानुवर्षे शांत बसलेल्या कोणाला, तुम्हांला काय येते, असे आपण शेवटचे कधी विचारले?