विद्या हीच निर्वासिताची शिदोरी



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरातील एका माऊलीने मला विचारले, "सर, त्या रोहिंग्यांना हाकलणारेही बौद्धच ना? मग आपण कोणत्या धम्मात आलो?" प्रश्न टाळण्याजोगा नव्हता.

रोहिंग्या हे म्यानमारच्या राखाईन प्रांतातले, बहुतांशी मुसलमान लोक. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने ते आपल्याच भूमीत परके ठरले. २०१२ च्या दंगलींनंतर सित्तवे येथील विद्यापीठाचे दार त्यांच्या मुलांना बंद झाले. आधी कागद गेला, मग शाळा गेली, आणि २०१७ च्या ऑगस्टात लष्कराने गावे जाळली तेव्हा घरही गेले. ७ लाखांहून अधिक माणसे जीव घेऊन बांगलादेशात आली. बंद शाळेचे दुःख आपल्याला नवे नाही. माझ्या आजोबांना वर्गाबाहेर बसविले. वडिलांनी जन्मभर अंगठाच उठविला. ज्याला दाबून ठेवायचे, त्याच्या हातातली पाटी प्रथम काढून घेतात.

होय, त्या द्वेषाला काही चीवरधारींनीही खतपाणी घातले. परंतु चीवर अंगावर घेतल्याने धम्म मनात उतरत नाही. रस्ते झाडणाऱ्या सुनीताला तथागतांनी संघात घेतले. ज्या रंगूनला बाबासाहेब १९५४ साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले, त्याच देशात हे घडावे याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. तीतून कोणताही माणूस वगळलेला नाही. माऊली, आपण आलो तो हा धम्म.

आता त्या लोकांकडे पाहा. कॉक्सबाजारच्या छावण्यांत बांबूच्या खोपटांत वर्ग भरतात. प्रारंभी तेथे अक्षरओळख व आकडेमोड एवढेच होते. पण आपल्या देशाचाच अभ्यासक्रम मुलांना मिळावा, ही पालकांची मागणी होती; परत जायचे तर त्या देशाची भाषा व विद्या हवी. २०२१ च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू झाला. मुलगी वयात आली की घरी बसते, म्हणून मुलींचे वेगळे वर्ग काढले, ने-आण करायला बाया नेमल्या. २०२५ च्या जूनमध्ये निधी आटला आणि युनिसेफला बरेच वर्ग बंद ठेवावे लागले. धान्य संपते, ताडपत्री फाटते. शिकलेले मात्र कोणी हिसकावू शकत नाही.

बंधूंनो, बाबासाहेबांनी विद्येसोबत प्रज्ञा, शील, करुणा आणि मैत्री मागितली. करुणेवाचून शिकलेला माणूसच दुसऱ्याची शाळा बंद करतो. म्हणून आपल्या मुलीला दहावीनंतर घरी बसवू नका. आणि चावडीवर कोणी त्या निर्वासितांना शिव्या घालू लागला, तर गप्प राहू नका. आपल्यालाही एकदा असेच कोणी बोलत होते.

नमो बुद्धाय! जयभीम!