प्रीतीचे मोजमाप



'जागतिक गरीब दिन' जवळ आला की दरवर्षी दोन गोष्टी हमखास घडतात. मदतनिधीच्या पेटीत नेहमीपेक्षा थोडे अधिक पैसे जमतात आणि मोबाइलवर एक यादी फिरू लागते. जगभरात कॅथलिक ख्रिस्तसभेची इतकी इस्पितळे, इतके अनाथाश्रम, इतके वृद्धाश्रम. आणि शेवटी 'अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा'. यंदा ही यादी आम्हांला पाच-सहा जणांनी पाठवली. त्यांतील एका तरुणाने सोबत एक प्रश्नही विचारला : "फादर, ऑफिसमधले मित्र म्हणतात, तुमचे चर्च एवढे श्रीमंत, मग गरिबांसाठी नेमके किती करता? त्यांना ही यादी दाखवू का?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देताना आम्ही अडखळलो. म्हणून आज तुम्हां सर्वांसोबत त्यावर विचार करतो.

प्रथम हे मान्य करू या की मोजणे हे पाप नाही. इ. स. २५१ च्या सुमारास पोप कर्नेलियस यांनी अंत्युखियाच्या बिशपांना एक पत्र लिहिले. त्यात रोमच्या ख्रिस्तसभेची मोजदाद आहे : ४६ धर्मगुरू, ७ उपधर्मगुरू आणि ख्रिस्तसभा जिचे पोट भरत होती अशा विधवा व गरजूंची संख्या १५०० हून अधिक. छळाच्या त्या काळातही कोणी तरी ही यादी ठेवत होते. यादी नसती तर कोणती विधवा उपाशी राहिली हे कळले नसते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील तक्रार हीच होती. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होते आणि म्हणूनच सात जणांची निवड करावी लागली.

आजचे आकडे आणखी मोठे आहेत. व्हॅटिकनकडून दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या सांख्यिकी ग्रंथानुसार ख्रिस्तसभेची जगभरात ५००० हून अधिक इस्पितळे आणि १४,००० च्या आसपास दवाखाने आहेत. वृद्ध, अपंग व दीर्घकाळ आजारी माणसांसाठीची निवासस्थाने सुमारे १५,००० आहेत, तर कुष्ठरुग्णांची केंद्रे ५०० हून अधिक. आपल्या देशात सिस्टर डॉ. मेरी ग्लौरी यांनी १९४३ साली सुरू केलेल्या कॅथलिक आरोग्य संघटनेशी साडेतीन हजारांच्या घरात संस्था जोडलेल्या आहेत. 'कारितास'च्या जागतिक कुटुंबात १६० हून अधिक राष्ट्रीय संस्था आहेत. हे सारे खरे आहे आणि त्यासाठी परमेश्वराचे आभारच मानले पाहिजेत.

परंतु हा आकडा नेमके काय सांगतो?

पहिली गोष्ट, तीस खाटांचे इस्पितळ आणि पाचशे खाटांचे इस्पितळ यादीत सारखेच, प्रत्येकी एक. दुसरी गोष्ट, पैसा कोणाचा? जर्मनीत कारितासच्या संस्थांत सुमारे सात लाख माणसे काम करतात. पण त्या कामाचा बराचसा खर्च सामाजिक विमा आणि सरकार यांच्याकडून येतो. अमेरिकेत इस्पितळात दाखल होणाऱ्या दर सात रुग्णांमागे एक कॅथलिक इस्पितळात असतो असे सांगितले जाते. मात्र त्याचे बिल बहुधा विमा कंपनी किंवा सरकार भरते. ही सेवा आहे, उत्तम सेवा आहे. पण हे सगळे 'आम्ही दिलेले दान' म्हणून मांडले, तर आपल्या तरुणाचा ऑफिसमधला मित्र लगेच बोट ठेवील आणि त्याचे चुकणार नाही.

तिसरी गोष्ट उलट बाजूची आहे. जे यादीत येतच नाही त्याचे काय? बाळंतीण शेजारणीला महिनाभर डबा देणारी बाई, अंथरुणाला खिळलेल्या काकांची दर शनिवारी दाढी करून देणारा मुलगा, यांची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात नाही. म्हणजे आपला आकडा एका बाजूने फुगलेला आणि दुसऱ्या बाजूने तोकडा आहे.

चौथी गोष्ट सांगताना मन जड होते, पण ती टाळणे बरे नव्हे. आयर्लंडमध्ये अविवाहित मातांसाठी आश्रम होते आणि त्यांपैकी अनेक धर्मभगिनी चालवत असत. तेथील चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १८ संस्थांमध्ये मिळून सुमारे ९००० बालके दगावल्याचे त्यात नमूद आहे. त्या आश्रमांतील खाटाही त्या काळी कोणत्या तरी अहवालात 'परोपकारी कार्य' म्हणून मोजल्या गेल्या असतील. खाटा मोजता आल्या. त्या खाटेवरच्या मुलीशी कोणी कसे बोलले, हे कोणी मोजले नाही.

मग मोजमाप करायचे कशाने?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांचा दानधर्मावरील विचार अभ्यासाला होता. थॉमस दोन भेद करतात. पहिला, दानाचे बाह्य कृत्य प्रीतीवाचूनही घडू शकते. भीतीने, लौकिकासाठी किंवा परतफेडीच्या आशेनेही हात खिशात जातो. प्रीतीतून आणि देवासाठी, आनंदाने व तत्परतेने दिलेले दानच त्या सद्गुणाचे खरे कृत्य ठरते. दुसरा भेद मंदिरातील गरीब विधवेच्या दोन नाण्यांवरून केलेला. रकमेने पाहिले तर तिचे दान सर्वांत लहान. तिच्या ऐपतीच्या प्रमाणात पाहिले तर सर्वांत मोठे, आणि त्यावरून तिच्या प्रीतीची ऊब कळते. येशू दानपेटीसमोर बसून पाहत होता, हे आपण विसरू नये. कोण किती टाकतो याकडे त्याचे लक्ष होते; फक्त त्याचा तराजू वेगळा होता.

येथे कोणी म्हणेल, "फादर, उपाशी माणसाला देणाऱ्याच्या प्रीतीशी काय कर्तव्य? त्याला भाकरी हवी." हे म्हणणे वजनदार आहे. ज्याच्या पोटात आग आहे त्याच्यासाठी भाकरीची संख्या हीच मोठी गोष्ट आहे. शंभर भाकऱ्या पन्नास भाकऱ्यांहून चांगल्याच. म्हणून 'आमची भावना चांगली आहे' असे म्हणून हिशेब टाळण्याची मुभा आपल्याला नाही. संत पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी निधी गोळा केला तेव्हा तो एकट्याने हाताळला नाही. कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून सोबत इतर बंधू दिले. आणि थैली सांभाळणारा यहूदा काय करीत असे, हेही योहानाच्या शुभवर्तमानात लपवलेले नाही. पैशाचा हिशेब द्यायचा तो अभिमानासाठी नव्हे. तो पैसा आपला नसून गरिबांचा आहे म्हणून.

मात्र भाकरीसोबत आणखी एक गोष्ट दिली जाते किंवा हिरावून घेतली जाते : घेणाऱ्याचा मान. ही गोष्ट आम्हांला पुस्तकाने शिकवली नाही, आमच्या चुकीने शिकवली. काही वर्षांपूर्वी, एका दुसऱ्या धर्मग्रामात असताना, शालेय फीसाठी मदत मिळालेल्या मुलांना आम्ही रविवारच्या मिस्सानंतर वेदीसमोर बोलावले. नावे वाचली, पाकिटे दिली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. देणगीदार खूश झाले. आमच्या अहवालात आकडाही छान दिसला. पुढच्या वर्षी त्यांतील एका आईने अर्जच केला नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "फादर, फी भरली आम्ही, मंगळसूत्र गहाण ठेवून. पोरगा म्हणाला, मला परत पुढे उभा करू नको." त्या वर्षीच्या अहवालात एक लाभार्थी कमी झाला, एवढीच नोंद झाली. कारण लिहायला रकाना नव्हता.

शेवटच्या न्यायाच्या दाखल्यात नीतिमान माणसे गोंधळून विचारतात की, आम्ही तुला कधी खाऊ घातले? त्यांच्याजवळ यादी नव्हती. पण ज्याला खाऊ घातले, त्याच्या लक्षात होते. प्रीतीची नोंदवही घेणाऱ्याच्या हाती असते, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

आर्थिक समितीशी बोलून आपण यंदापासून दोन गोष्टी करणार आहोत. मदतनिधीत किती जमले आणि कोणत्या कामासाठी किती खर्च झाले, याचा संपूर्ण हिशेब जानेवारीत चर्चच्या दाराशी लावला जाईल. त्यात मदत घेणाऱ्या एकाही कुटुंबाचे नाव नसेल. नावे संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांजवळच राहतील. ते दोघे-दोघे घरी जातील, बसतील, चहा घेतील आणि मगच मदतीचे बोलतील. देणगीदारांनी फोटोचा आग्रह धरू नये, ही नम्र विनंती.

आणि त्या तरुणाला उत्तर? १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला असाच टोमणा ऐकावा लागला होता : तुमच्या चर्चने पूर्वी केले असेल, आज तुम्ही काय करता? ओझानामजवळ दाखवायला यादी नव्हती. तो आणि त्याचे मित्र सिस्टर रोझाली यांच्या मार्गदर्शनाखाली गरिबांच्या घरी जाऊ लागले. सात जणांच्या त्या गटातूनच आजची व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली.

तेव्हा बाळा, यादी दाखवायची तर जरूर दाखव, पण फुगवून नको. आणि येत्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला चर्चच्या आवारात ये. आपल्या व्हिन्सेंट डी पॉलच्या गटात एक माणूस कमी आहे.

प्रभू येशू आपणा सर्वांना देणारे हात आणि झाकणारी प्रीती देवो.

आपला धर्मगुरू